हिवाळे उबदार होणार म्हणतात, मग नाल्याकाठची तूर कशी जळते?

नाल्याकाठ | ९ डिसेंबर, रात्री ८.१५

राम राम मंडळी. धागा थोडा लांबणार आहे, पण प्रश्न पोटापाण्याचा आहे.

वरुड-मोर्शी पट्ट्यात आमची साडेसहा एकर शेती. निम्मी टेकाडावर, निम्मी खाली नाल्याला लागून. वडिलांनी लावलेली संत्र्याची बाग डिंक्या रोगानं गेली. येत्या पावसाळ्यात तीनशे कलमा लावायच्या आहेत. जुलैत लावलेलं झाड पाचव्या वर्षी फळावर येतं आणि नीट जपलं तर वीस-पंचवीस वर्षं देतं. म्हणजे मी जो खड्डा खोदणार तो २०५० च्या हवामानासाठी खोदणार.

म्हणून दोन महिने रात्री जागून वाचतोय. सगळीकडं एकच लिहिलेलं: रात्री उबदार होणार, थंडी कमी होत जाणार. संत्र्याच्या आंबिया बहाराला, म्हणजे फेब्रुवारीत येणाऱ्या फुलाला, डिसेंबर-जानेवारीची थंडी लागते, त्यामुळं ते वाचून पोटात गोळा येतो.

पण माझ्या डोळ्यांसमोर २०१८ चा डिसेंबर आहे. २९ तारखेला नागपूरचा पारा ३.५ वर गेला होता. त्याआधीचा नीचांक ३.९, तो १९३७ च्या जानेवारीतला. ब्याऐंशी वर्षं टिकलेला विक्रम तापमानवाढीच्या काळात मोडला. त्या सकाळी मी नाल्याकाठच्या तुरीत उभा होतो. पानांवर पांढरी बारीक साखर पेरल्यासारखं दिसत होतं. ऊन चढलं तशी पानं मऊ पडली, दुपारपर्यंत काळी झाली, शेंगा उकडल्यासारख्या हाताला लागल्या. आणि वर टेकाडावर, दोनशे पावलांवर, तूर हिरवीगार. तिला काही झालं नव्हतं.

तर प्रश्न असा: हे जे संगणकावरचं हवामानाचं मॉडेल असतं, त्याला ही थंडीची लाट कितपत दिसते? त्याच्या भरवशावर मी झाडं लावू का?

तुरीचं_पोतं | ९ डिसेंबर, रात्री ८.४०

भाऊ, दवाळ पडली, म्हणजे पानावर दव गोठलं, की तूर गेलीच. आमच्याकडं दारव्ह्याच्या बाजूला त्याच आठवड्यात एका रात्रीत चार एकर काळी पडली. मॉडेलचं मले काही समजत नाही, पण टेकाड अन् खोलगट जागा हा फरक माह्या आज्यालेही माहीत होता. खालच्या वावरात तो कधी तूर पेरत नव्हता, गहूच पेरे.

पांढरी_माती | ९ डिसेंबर, रात्री ९.०५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. परवा पाऊस येणार म्हणून सांगितलं, मी कापूस वेचायला लावलेल्या बाया परत पाठवल्या. दिवसभर कडक ऊन. उद्याचं ज्यांना सांगता येत नाही त्यांच्या २०५० वर विश्वास ठेवून बाग लावायची? माझं मत, आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा अन् लावा.

गोंदिया_लोकल | ९ डिसेंबर, रात्री ९.१२

विदर्भात सगळ्यात कमी तापमान म्हटलं की बातमीत बहुतेक वेळा आमचंच नाव. धान निघालं, बांधीत लाखोळी आहे, पहाटे बाहेर पडलं की कान दुखतात. उबदार हिवाळा कुठं पाठवलाय तो कळवा, आम्ही घेऊन येतो.

निरभ्र | ९ डिसेंबर, रात्री ११.३०

मी मूळचा दर्यापूरचा, सध्या पुण्यात याच कामात आहे. प्रश्न फार नेमका विचारलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पांढरी_माती यांचं. उद्याचा अंदाज आणि तीस वर्षांनंतरचं हवामान ही दोन वेगळी कामं आहेत. १९६१ साली एडवर्ड लॉरेन्झ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं संगणकावर एक गणित मध्यापासून पुन्हा चालवलं. आकडा ०.५०६१२७ होता, त्यानं छापील कागदावरून ०.५०६ एवढाच भरला. थोड्या वेळानं दोन्ही उत्तरं एकमेकांना ओळखत नव्हती. एवढ्याशा फरकानं हवा वेगळी वाट धरते. म्हणून २०४१ च्या २९ डिसेंबरला मोर्शीत काय होईल हे कुणीच सांगू शकत नाही, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण एका बोंडात रुई किती निघेल हे सांगता येत नसलं तरी क्विंटलभर कापसातून चौतीस-पस्तीस किलो रुई निघणार हे जिनवाला न मोजता सांगतो. हवामानाचं मॉडेल त्या जिनवाल्याचं काम करतं. तीस हिवाळ्यांत कडाक्याच्या रात्री साधारण किती, हा त्याचा प्रश्न.

आता थंडी येते कुठून ते पाहू. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात, म्हणजे ढग-पाऊस-बर्फ आणणारी वादळं, एकामागून एक इराण, अफगाणिस्तान ओलांडून येतात. एक जवळ आला की आपल्याकडं आधी ढग येतात, बंगालच्या उपसागरावरून ओलसर वारं येतं, रात्र उबदार जाते. लोक म्हणतात थंडी गेली. तो हिमालयावर बर्फ टाकून पुढं सरकला की मागून वायव्येचं कोरडं वारं राजस्थान, मध्य प्रदेशावरून थेट आपल्यावर उतरतं. मग वारं पडतं, आभाळ स्वच्छ होतं, जमीन रात्रभर उष्णता आकाशात सोडत राहते. लाट म्हणजे या दोन गोष्टींची बेरीज: वाहून आलेली थंडी आणि जागेवर तयार झालेली थंडी.

पहिली गोष्ट मॉडेलला बऱ्यापैकी जमते. झंझावात हजार-दीड हजार किलोमीटरचा असतो, वरच्या थरातला वेगवान पश्चिमी वाऱ्याचा पट्टा त्याहून मोठा. मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडतं, एकेक साधारण शंभर किलोमीटरचा. एवढ्या जाळीत हा मासा सापडतो. त्यातही खोट आहेच: चौकोनात हिमालयाची शिखरं सपाट होतात, आणि तिबेटचं पठार बहुतेक मॉडेलांत खऱ्यापेक्षा जास्त थंड निघतं. तरी लाटा कोणत्या वाटेनं आणि कशा येतात हे मोठ्या अंगानं बरोबर असतं.

दुसऱ्या गोष्टीत आम्ही कच्चे आहोत. ते उद्या लिहितो, झोप आली.

आजीची_गोधडी | १० डिसेंबर, सकाळी ७.२०

निरभ्र दादा, टीव्हीवर दरवर्षी सांगतात सायबेरियाची थंडी विदर्भात आली. मग ते खोटं का? मी अंगणवाडीत मुलांना तसंच सांगते.

निरभ्र | १० डिसेंबर, सकाळी ८.००

ताई, सायबेरियाच्या थंड हवेचे लोट चीन, कोरिया, जपानकडं उतरतात, तिकडं वाट मोकळी आहे. आपल्या डोक्यावर हिमालयाची भिंत आहे. जमिनीलगतची जड थंड हवा ती ओलांडू शकत नाही. म्हणून कोरियात उणे दहा होतं तेव्हाही आपण दहाच्या आसपास असतो. मुलांना सांगा, आपली थंडी हिमालयाच्या अलीकडच्या बर्फावरून आणि कोरड्या मुलुखावरून येते, आणि उरलेली आपल्याच वावरात रात्रीतून तयार होते.

आजीची_गोधडी | १० डिसेंबर, सकाळी ८.१०

वावरात तयार होते! हे आवडेल त्यांना. आजच सांगते.

स्टीव्हन्सनची_पेटी | १० डिसेंबर, सकाळी १०.४५

मी तीस वर्षं वेधशाळेत निरीक्षक होतो, आता निवृत्त. दोन गोष्टी सांगायच्या आहेत, कारण या दोन्हींवरून लोकांचे विनाकारण वाद होतात.

एक, थंडीची लाट जाहीर करायला नियम आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा खाली हवं आणि त्या तारखेच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी हवं. ६.४ हून जास्त घसरलं तर तीव्र लाट. किंवा पारा सरळ ४ वर आला तर लाट, २ वर आला तर तीव्र लाट. म्हणून गोंदियाला ८ अंश असूनही लाट म्हणत नाहीत आणि लोक चिडतात.

दोन, आम्ही तापमान मोजतो ते पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर. स्वच्छ, वारा नसलेल्या रात्री झाडाचं पान उघड्या आभाळाखाली त्याहून दोन-चार अंश जास्त थंड होतं. पेटीत ४ असताना पानावर बर्फ दिसतो तो यामुळं. नाल्याकाठ भाऊंनी पाहिलेली पांढरी साखर खरी आणि नागपूरचा ३.५ हा आकडाही खरा.

तुरीचं_पोतं | १० डिसेंबर, सकाळी ११.०२

काका, हे पयल्यांदा समजलं. इतके वर्स मी म्हणो का आकडा खोटा सांगतात.

निरभ्र | १० डिसेंबर, रात्री १०.१५

काकांनी माझं अर्धं काम केलं. आता मॉडेलची दुखरी जागा.

सूर्य मावळला, जमीन थंड व्हायला लागली की तिच्या अंगाला लागलेली हवा आधी थंड होते. थंड हवा जड, ती खालीच बसते. पहाटे जमिनीवर ६ आणि कडुलिंबाच्या शेंड्यावर ९ असं सहज होतं. या पातळ थरात हवा जवळजवळ हलत नाही. मॉडेलचा सगळ्यात खालचा थरच कितीतरी मीटर जाडीचा असतो, त्यात ही सगळी गोष्ट एका आकड्यात बसवावी लागते. वरची उबदार हवा खाली किती मिसळते हे मग सूत्रानं ठरवतात. ताक घुसळताना रवी हळू फिरवली तर लोणी वर, ताक खाली, वेगळं राहतं. मॉडेलमधली रवी खऱ्यापेक्षा जोरात फिरते. थर एकमेकांत मिसळतात आणि पहाटेचा पारा पुरेसा खाली जात नाही.

कुणी विचारेल, मग रवी हळू का करत नाहीत? केली की दुसरीकडं दुखतं. मिसळणं फार कमी केलं तर काही ठिकाणी जमीन हवेपासून पार तुटते आणि गणितात मोकाट थंड होत जाते. शिवाय दूरवरच्या वादळांचे भोवरे गरजेपेक्षा जोरकस होतात, म्हणजे चांगला असलेला मोठा अंदाज बिघडतो. युरोपातल्या हवामान केंद्रानं हा पेच मोकळेपणानं मांडला आहे. आम्हीसुद्धा रात्रीची चूक पत्करून दिवसाचा अंदाज सांभाळतो. मला हे मनापासून खटकतं, कारण ज्या रात्रीची चूक आम्ही पत्करतो ती तुमच्या तुरीची रात्र असते.

आणखी एक. रब्बीत आपण ओलीत करतो हे बऱ्याच हवामान मॉडेलांना माहीतच नसतं. त्यांच्या हिशेबात डिसेंबरात विदर्भ कोरडाठाक. ओली काळी माती दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री सोडते. तुम्ही दवाळीच्या भीतीनं संध्याकाळी पाणी देता त्यामागचं कारण हेच.

मेळघाट_वाट | १० डिसेंबर, रात्री १०.५०

शंभर किलोमीटरचा चौकोन म्हणजे केवढा याचा विचार करत होतो. अकोला ते अमरावती जवळपास तेवढंच. त्याच चौकोनात आमचं चिखलदरा येणार, अकराशे मीटरवर, आणि खाली पूर्णेचं खोरं, तीनशेच्या आसपास. आठशे मीटर उंचीचा फरक एका आकड्यात. आणि तोही सरळ नाही, कारण सेमाडोहच्या खोऱ्यात पहाटे चिखलदऱ्याच्या पठारापेक्षा जास्त गारठा लागतो असे कितीतरी दिवस असतात. परतवाड्याहून वर गाडी घेऊन गेलो की घाटात मध्येच हवा उबदार लागते, दरीत उतरलो की पुन्हा दातावर दात. मॉडेलला हे कसं कळणार?

निरभ्र | १० डिसेंबर, रात्री ११.०५

नाही कळत. घाटात मध्ये लागलेली ऊब हाच तो वरचा उबदार थर. खोऱ्यात रात्री थंड हवा उतारावरून पाण्यासारखी घरंगळून साचते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत तयार झालेलं आपलं स्वतःचं मॉडेल जगभरच्या मॉडेलांच्या तुलनेत उतरलं याचा मला अभिमान आहे, पण त्याचा एकेक चौकोन दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. काही दिवसांच्या अंदाजासाठी २०२५ च्या मे महिन्यात भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झाली, ती सहा किलोमीटरची. त्यात मेळघाटाचे डोंगर निदान डोंगरासारखे दिसतात. नाला मात्र त्यातही दिसत नाही.

काळ्या_रात्रीचं_पाणी | ११ डिसेंबर, सकाळी ६.३५

विषय थोडा बाजूला नेते, पण मला लिहायचंच आहे. संध्याकाळी ओलीत करा, सगळे सांगतात. लाईन कधी येते? आमच्या फिडरला या आठवड्यात रात्री साडेदहा ते पहाटे साडेसहा. आमचे हे दोन मफलर बांधून, पायात पिशव्या घालून हरभऱ्यात पाणी फिरवतात. बारी बदलायला हात पाण्यात घालावाच लागतो. परवा पहाटे घरी आले तेव्हा चहाचा कप हातात धरता येईना, मी तोंडाला लावून पाजला. साप-विंचवाची भीती वेगळीच. थंडीची लाट येणार हे चार दिवस आधी कळतं ना? मग त्या चार दिवसांपुरती तरी लाईन संध्याकाळी द्यावी. एवढं कुणाला जमू नये?

तुरीचं_पोतं | ११ डिसेंबर, सकाळी ७.००

ताई, शंभर टक्के. याच्यावर वेगळा धागा काढा, आपण सगळे लिहू.

स्टीव्हन्सनची_पेटी | ११ डिसेंबर, सकाळी ९.३०

ताई, तुमची मागणी रास्त आहे आणि करता येण्यासारखी आहे. लाटेचा इशारा हल्ली चार-पाच दिवस आधी बऱ्याच खात्रीनं देता येतो. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे जिल्हावार इशारे रोज निघतात. तो कागद जोडून तालुक्याला निवेदन द्या, तारीख-वेळ घालून. मसुदा हवा असेल तर मी लिहून देतो.

रोडगे_पार्टी | ११ डिसेंबर, दुपारी १.१५

थंडीचा धागा अन् कुणी रोडग्याचं नाव काढलं नाही? गोवऱ्यांच्या आरावर रोडगे, तुरीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, वरून जवसाचं तेल. निरभ्र भाऊ, पुण्यात मिळते का हे?

निरभ्र | ११ डिसेंबर, दुपारी १.४०

नाही मिळत. संक्रांतीला येतोय दर्यापूरला.

संत्रा_गावरान | ११ डिसेंबर, संध्याकाळी ७.५०

मोजमापावरून आठवलं. माझी बाग खोलगटात आहे. फळपिकाच्या हवामान विम्यात महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्राची नोंद धरतात. आमच्या मंडळाचं केंद्र गावाबाहेर उंचावर, रस्त्याच्या कडेला. माझ्या बागेत नवी पालवी करपली, केंद्रावर पारा ठरलेल्या आकड्याच्या खाली गेलाच नाही. विमा कंपनीनं अर्ज परत पाठवला. त्यांनी नियमानं केलं असेल, पण माझी पालवी नियमानं करपली नव्हती. त्या वर्षीपासून मी घरचा थर्मामीटर ठेवतो.

पांढरी_माती | ११ डिसेंबर, रात्री ८.३०

निरभ्र यांचं दोनदा वाचलं. जिनवाल्याचं पटलं. पण मग हे सांगा, २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये बर्फ पडून लाखो घरांची वीज गेली, दोनशेच्या वर माणसं मेली. तापमान वाढतंय तर हे कसं? काही जण म्हणतात तापमानवाढीमुळंच थंडी वाढली. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? माझ्यासारख्याला यातच संशय येतो.

निरभ्र | ११ डिसेंबर, रात्री १०.४०

तुमचा संशय योग्य जागी आहे, तिथं शास्त्रज्ञांतही भांडण आहे. उत्तर ध्रुवाभोवती हिवाळ्यात थंड हवेचा भोवरा फिरतो. तो डळमळला की थंडीचा लोट खाली घसरतो. २०२१ च्या जानेवारीत ध्रुवावरच्या वरच्या थरांत अचानक ऊब आली, भोवरा विस्कटला, आणि पुढच्या महिन्यात टेक्सास गोठलं. एका गटाचं म्हणणं, ध्रुवावरचा बर्फ वितळतोय म्हणून भोवरा जास्त डळमळतो. दुसरा गट म्हणतो, मॉडेलांत असा परिणाम फार क्षीण दिसतो, प्रत्यक्षात दिसला तो योगायोगाचा भाग. पहिल्यांचं उत्तर, मॉडेलच तो संबंध कमी पकडतात. म्हणजे हे भांडण फिरून आपल्याच धाग्याच्या प्रश्नावर येतं. माझं मत दुसऱ्या गटाकडं झुकतं, पण पैज लावणार नाही.

एका गोष्टीवर मात्र भांडण नाही. जगभरच्या नोंदी सांगतात की १९५० पासून जमिनीवर बहुतेक ठिकाणी कडाक्याच्या थंडीचे प्रसंग कमी आणि सौम्य झाले आहेत. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालात हे जवळजवळ निश्चित म्हणून नोंदलेलं आहे. कमी झाले म्हणजे संपले नाहीत. आणि टेक्सासचा इशारा हवामानवाल्यांनी काही दिवस आधीच दिला होता. कोलमडली ती वीज.

अकोल्याहून_उत्तरेला | ११ डिसेंबर, रात्री ११.५५

मी नॉर्वेत शिकते, याच विषयाच्या शेजारच्या विषयात, म्हणून राहवलं नाही. इथं थंड हवेचा लोट बर्फावरून सुटून उघड्या, त्यामानानं उबदार समुद्रावर येतो. समुद्र खालून उष्णता आणि वाफ देतो, ढगांच्या लांबच लांब रांगा उठतात, एखाद्या शेतातल्या तासांसारख्या. त्या ढगांत पाणी शून्याखाली जाऊनही थेंबांच्या रूपात टिकतं. मॉडेल त्याचं लवकर बर्फ करून टाकतात, मग ढग पातळ होतो आणि खालचा सगळा हिशेब चुकतो. २०१९-२० च्या हिवाळ्यात अमेरिकन आणि नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी इथल्या अँडोया बेटावर खास यासाठीच यंत्रं लावून मोजणी केली.

नाल्याकाठ काका, तुमच्या नाल्यात आणि या समुद्रात काही साम्य नाही, आणि तरी दुखणं एकच आहे. थंड हवा कुठून येणार हे मॉडेलला कळतं, ती खालच्या काहीशे मीटरमध्ये काय करणार हे नीट कळत नाही. तुमची पोस्ट मी आज माझ्या गटात मराठीतून वाचून दाखवली आणि मग समजावून सांगितली. दोनशे पावलांवरची हिरवी तूर सगळ्यांच्या लक्षात राहिली.

गोंदिया_लोकल | १२ डिसेंबर, सकाळी ६.५०

मोर्शीची तूर नॉर्वेत पोचली! भाव किती मिळाला तेही लिहा ताई.

जंभेरी | १२ डिसेंबर, दुपारी ३.२०

मूळ प्रश्न राहूनच गेला, बागेचा. माझी बत्तीस वर्षांची बाग आहे काटोलकडं, तर अनुभवाचं लिहितो.

नाल्याकाठ भाऊ, संत्र्याला आपल्याकडची थंडी मारत नाही, ती त्याला झोपवते. साधारण १३ अंशांच्या खाली झाडाची वाढ थांबते. डिसेंबर-जानेवारीत आपण पाणी तोडून ताण देतो, थंडी आणि ताण दोन्ही मिळून झाड विश्रांती घेतं, मग जानेवारीत खत-पाणी दिलं की फेब्रुवारीत आंबिया फुटतो. तेव्हा तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट एकट्या ३.५ च्या रात्रीची नाही. सलग चार-पाच आठवडे रात्री गार राहतात का, ही आहे. ज्या वर्षी डिसेंबरात ढग आणि दमट वारं राहतं त्या वर्षी भारी जमिनीत ताण बसतच नाही, झाड नुसती पालवी काढतं. मी घाबरतो ते या उबदार ढगाळ डिसेंबराला. २०१८ च्या थंडीनंतर माझ्याकडं फूल छान आलं होतं.

हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत पाणी तोडलं की ताण लवकर बसतो, थंडी थोडी कमी पडली तरी चालवून घेता येतं. टेकाड तुमच्याकडं आहेच. डिंक्यानं बाग गेली म्हणता, म्हणजे खाली पाणी साचतही असणार. कलमा वर लावा. जंभेरी लिंबाच्या खुंटावर बांधलेल्या घ्या, कलमेचा जोड जमिनीपासून वीतभर वर ठेवा.

निरभ्र | १२ डिसेंबर, संध्याकाळी ६.१०

जंभेरी काकांनी माझ्यासाठीसुद्धा प्रश्न सुधारून दिला. सलग आठवड्यांच्या गार रात्रींची सरासरी हे मॉडेलचं बलस्थान आहे, एका रात्रीचा नीचांक ही त्याची कमजोरी. म्हणून उत्तर सरळ देतो.

पुढच्या पंचवीस वर्षांत विदर्भातल्या हिवाळी रात्री सरासरीनं उबदार होत जातील, यावर मी मॉडेलचं ऐकेन. लाटा अधूनमधून येत राहतील, हेही मॉडेल सांगतं. पण तुमच्या नाल्याकाठी पारा किती खाली जाईल यावर त्याचं ऐकणार नाही. जिल्ह्याच्या नकाशात जे आकडे दिसतात ते जुन्या नोंदींशी जुळवून दुरुस्त केलेले असतात. हवामान खात्याची तापमानाची जी जाळी त्यासाठी पुष्कळदा वापरतात, तीच एक अंशाची, म्हणजे पुन्हा शंभरेक किलोमीटरची. दुरुस्तीतही नाला नाही.

तुमच्याकडं टेकाड आणि नाला दोन्ही आहेत. दोन किमान-कमाल थर्मामीटर घ्या, सारख्याच कंपनीचे. आधी आठवडाभर दोन्ही शेजारी शेजारी ठेवून एकसारखं दाखवतात का पाहा. मग सावलीत, सारख्या उंचीवर, एक वर एक खाली. दोन-तीन हिवाळ्यांत फरक पक्का कळेल. मग जिल्ह्याचा आकडा कुणीही सांगो, त्यातून तुमचा आकडा तुम्हाला काढता येईल. आणि ती वही मलाही पाहायची आहे, हे औपचारिकतेनं म्हणत नाही.

स्टीव्हन्सनची_पेटी | १२ डिसेंबर, संध्याकाळी ६.४५

उंची सव्वा मीटर, तोंड उत्तरेकडं, भिंतीपासून आणि टिनाच्या छपरापासून लांब. दुरडी पालथी घालून पांढरा चुना लावला तरी पेटीचं काम भागतं, फक्त हवा खेळती ठेवा. वाचन रोज एकाच वेळी, आणि वाचून झालं की खुणेची कांडी परत पाऱ्याला टेकवायची. नव्या माणसाची चूक नेहमी इथंच होते.

पांढरी_माती | १२ डिसेंबर, रात्री ९.००

मीही एक लावतो. माझं वावर सपाट आहे, मध्ये एक आकडा असलेला बरा.

नाल्याकाठ | १४ डिसेंबर, रात्री ९.२५

सगळ्यांचे मनापासून आभार. घरात तीन दिवस हाच विषय आहे. ठरलं ते असं: कलमा टेकाडावर, तीनशेऐवजी दोनशे वीस, तेवढीच जागा आहे. नाल्याकाठी तूर बंद, गहू. तुरीचं_पोतं यांच्या आजोबांनी हे आधीच ठरवून ठेवलं होतं. काळ्या_रात्रीचं_पाणी ताई, निवेदनावर आमच्या गावच्या सह्या मी गोळा करतो, काकांचा मसुदा आला की कळवा.

थर्मामीटर आणले. आज दोन्ही ओसरीत शेजारी टांगलेत, दोन्ही सारखं दाखवतायत. मुलगी वही आखतेय.

नाल्याकाठ | ५ जानेवारी, सकाळी ७.०५

परवापासून उत्तरेचं वारं होतं, काल रात्री पडलं. आभाळ स्वच्छ.

टेकाड ९.४, नाला ५.८. गव्हावर दव होतं, गोठलेलं नव्हतं. बोटानं पुसून पाहिलं. उद्याचं उद्या टाकतो.